आई-बाबांच्या लँडलाइनला कॉर्डलेस जोडलाय पण कॉलर आयडी दिसत नाहीये, कुणी मदत करेल का

बावधनची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सगळं एकदाच सांगते. आई-बाबा पुण्यात सहकारनगरला राहतात, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. लँडलाइन बाबांना सोडायची नाहीये आणि खरं तर मलाही नाही, तो नंबर सहा आकडी होता तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांकडे आहे, आता आठ आकडी झालाय तरी वाईची आत्या त्याच नंबरवर फोन करते, मोबाईलवर करतच नाही. अडचण अशी की फोन हॉलमध्ये आणि आई बहुतेक वेळ आतल्या खोलीत नाहीतर स्वयंपाकघरात. रिंग वाजली की गुडघे धरून घाईघाईने उठते, आणि एवढं करून उचलला की पलीकडून "मॅडम पर्सनल लोन" नाहीतर कुणी बोलतच नाही. मला तिच्या पडण्याचीच भीती वाटते. म्हणून कॉलर आयडीवाला कॉर्डलेस घेतला, दोन हँडसेटचा, बेस हॉलमध्ये आणि दुसरा हँडसेट आईच्या उशाशी त्याच्या चार्जरवर.

लाइन आता फायबरवर आहे, म्हणजे भिंतीवरच्या फायबरच्या मोडेममधून फोनची वायर येते. फोन लागतो, येतो, आवाज स्वच्छ. पण नंबर एकदाही दिसलेला नाही, स्क्रीनवर नुसतं इनकमिंग असं काहीतरी येतं. दुकानदार म्हणतो सेटमध्ये फॉल्ट नाही, कंपनीला फोन केला तर ते म्हणतात आमच्याकडून सगळं ओके आहे. शिवाय आईच्या खोलीत मधूनच रेंज जाते आणि टूं टूं वाजतं. आणि गुरुवारी लाइट गेली की अख्खा फोनच बंद, हे तर मी आधी धरलंच नव्हतं. काय काय तपासू?

जुना_लाइनमन

ताई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झालीय माझी त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. कॉलर आयडी फोनच्या डब्यात तयार होत नाही, तो लाइनवरून पाठवावा लागतो, आणि पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एक एफएसके, यात पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत नंबर पाठवतात, बरोबर तारीख-वेळही जाते. दुसरी डीटीएमएफ, म्हणजे आपण बटणं दाबतो तेव्हा जे सूर ऐकू येतात त्याच सुरांत नंबर येतो, सहसा पहिल्या रिंगच्या आधीच, आणि त्यात वेळ नसते. आपल्याकडे दोन्ही चालतात म्हणून इथे विकले जाणारे बरेचसे सेट दोन्ही ओळखतात, तुमच्या बॉक्सवर एफएसके/डीटीएमएफ असं लिहिलंय का ते बघा. काही सेटमध्ये ते मेनूतून निवडावंही लागतं.

आता तपासायचं कसं. घरातल्या जुन्या सॉकेटवरून नको, बेसची वायर काढून सरळ मोडेमच्या मागे फोनचं जे भोक आहे त्यात लावा, बाकी सगळे फोन काढून ठेवा. मग तुमच्या मोबाईलवरून फोन करा आणि उचलू नका, निदान तीन रिंग जाऊ द्या. पुष्कळ लोक पहिल्या रिंगलाच उचलतात आणि म्हणतात नंबर येत नाही, अहो तो अजून आलेलाच नसतो. तरीही कोरं राहिलं तर शेजारच्यांचा कॉलर आयडीवाला कुठलाही फोन आणून त्याच जागी लावा. त्यावरही नाही आला तर सेट निर्दोष आहे, कंपनीने तुमच्या नंबरवर ती सुविधा चालूच केलेली नाही. तांब्यावरून फायबरवर लाइन हलवताना हे राहून जाऊ शकतं. तक्रार करताना "फोन खराब" असं म्हणू नका, त्यावर ते फक्त लाइन टेस्ट करून ओके म्हणतात. "सीएलआयपी चालू करा, माझ्या नंबरच्या प्रोफाइलमध्ये बघा" असं म्हणा (सीएलआयपी म्हणजे फोन करणाऱ्याचा नंबर दाखवायची सुविधा) आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

एक अगदी महत्त्वाचं. मोडेममधून घरातल्या जुन्या वायरिंगला फोन दिला असेल तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी पहिल्या डबीतूनच सोडवून ठेवलीय ना हे कुणाकडून तरी बघून घ्या. दोन्ही एकत्र राहिल्या तर खरखर, अर्धवट रिंग, नंबर न दिसणं, काहीही होऊ शकतं आणि मोडेमचं पोर्टही जाऊ शकतं.

वारजेकर

रेंजचं मी सांगतो. बेस कुठे ठेवलाय? माझ्या अंदाजाने वायफाय राउटरच्या शेजारीच असणार, सगळेच तिथे ठेवतात कारण वायर तिथे येते. तुमचा सेट २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर तो वायफाय आणि मायक्रोवेव्हच्याच पट्ट्यात आहे, दोघं एकमेकांना त्रास देणार. डेक्टवाला (कॉर्डलेसचीच एक डिजिटल पद्धत) असेल तर तो १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो, वायफायचा संबंध नाही, पण तरी अगदी चिकटून ठेवू नका. बॉक्सवर घरात ५० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या घरात, आपल्याकडे मध्ये आरसीसीची भिंत आणि त्याला लागून लोखंडी कपाट असलं की संपलं. कपाट हलवायच्या भानगडीत पडू नका, लांब वायर घेऊन बेस पॅसेजमध्ये उंचावर लावा, फ्रिज आणि टीव्हीपासून लांब. तरीही नाही जमलं तर बेसच आईच्या खोलीत आणि दुसरा हँडसेट हॉलमध्ये, ज्याला जास्त गरज त्याच्याजवळ बेस.

हडपसर_एसके

मध्येच विचारतो, सॉरी. माझ्या मेव्हण्याने अमेरिकेतून कॉर्डलेस आणलाय, भारी आहे, नंबर बोलून पण दाखवतो. तो इथे चालेल ना? कन्व्हर्टर लावून?

जुना_लाइनमन

नका लावू. ११० व्होल्टचं एकवेळ जमेल पण खरा प्रश्न लहरींचा आहे. तिकडचे डेक्ट ६.० वाले सेट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडे १९२० पासून वरचा पट्टा मोबाईलवरून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा आहे. म्हणजे तुमचा फोन घरात बसून आसपासच्या टॉवरला गोंगाट करत राहणार. तो आपल्या घरात उत्तम चालतो म्हणून कुणाला कळत नाही, पण सोसायटीतल्या लोकांचे फोन तुटायला लागतात. इथलाच घ्या.

बावधनची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काका तुम्ही सांगितलं तसंच केलं, सरळ मोडेमला लावून बघितलं, शेजारच्या काकूंचा फोन पण लावून बघितला, त्यावरही कोरंच. मग तक्रारीत सीएलआयपी हा शब्द वापरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंबर यायला लागला!! बाबा प्रत्येक रिंगला चष्मा लावून स्क्रीन बघतायत. बेस पॅसेजमध्ये देवघराच्या वरच्या फळीवर नेला, आईच्या खोलीत आता रेंज आहे.

पण आता नवीनच. मी फोनबुकमध्ये सगळ्यांची नावं बसून भरली, तरी फोन आला की नाव येत नाही नुसता नंबरच येतो. आणि आलेल्या नंबरांच्या लिस्टमधून बाबा परत फोन लावायला गेले की लागतच नाही, बाई काहीतरी सांगते. लँडलाइनवाल्यांना मात्र लागतो. हे काय आहे?

सदाशिवपेठी

शून्य! १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करायचा तर आधी ० लावावंच लागतं. नवीन मोबाईल नंबरांसाठी जागा व्हावी म्हणून तो नियम केला, २५४.४ कोटी जादा नंबर मोकळे होणार असं तेव्हा सांगितलं होतं. पण फोन येतो तेव्हा बऱ्याच लाइनींवर तुम्हाला नुसते दहाच आकडे दिसतात. त्यामुळे लिस्टमधून तसाच लावला की शून्याशिवाय जातो आणि अडकतो. आणि तुम्ही फोनबुकमध्ये बहुतेक शून्यासकट नंबर भरलेत, बरोबर? मग आलेला दहा आकडी आणि साठवलेला अकरा आकडी, सेटच्या दृष्टीने ते दोन वेगळे नंबर, नाव कुठून दाखवणार. काही सेट शेवटचे आकडे जुळवून बघतात, सगळे नाही.

माझ्या आजोबांसाठी आम्ही जे केलं ते सांगते. फोनबुकमध्ये नंबर अगदी तसाच ठेवायचा जसा फोन आल्यावर स्क्रीनवर दिसतो, एक आकडा इकडे तिकडे नाही. म्हणजे नाव येतं, आणि म्हाताऱ्या माणसांना नाव येणंच जास्त महत्त्वाचं आहे. एकदा एकेकाला फोन करायला सांगा आणि आलेल्या लिस्टमधूनच सेव्ह करा, हाताने टाइप करू नका. आता उलट फोन लावायचा तर पहिल्यांदा हिरवं बटण दाबून डायलटोन घ्यायचा, ० दाबायचं, आणि मग फोनबुक उघडून नाव निवडायचं. काही सेटवर चालू लाइनमध्ये असं फोनबुकमधून नंबर सोडता येतो, तुमच्यावर करून बघा. नाही जमलं तर जे चार-पाच नंबर रोज लागतात ते स्पीड डायलवर शून्यासकट ठेवा, १ म्हणजे ताई, २ म्हणजे डॉक्टर, आणि तेवढं मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा. आजोबा आज ८८ चे आहेत आणि आरामात लावतात.

आणि हो, नावं इंग्रजी अक्षरांतच भरावी लागत असतील तर पूर्ण नाव नको, आई ज्या नावाने हाक मारते तेच भरा. सीमामावशी आडनावासकट लिहिलं की स्क्रीनवर अर्धंच दिसतं. सेटमध्ये घरच्यांसाठी वेगळी रिंग ठेवायची सोय असेल तर ती नक्की लावा, मग आईंना स्क्रीन बघायचीही गरज नाही, झोपल्या झोपल्या कळेल उठायचं की नाही.

टेकडी_वॉक

एवढा खटाटोप कशाला, दोघांना एक साधा स्मार्टफोन द्या आणि लँडलाइन काढून टाका की. नंबर, नाव, स्पॅम सगळं दिसतं.

बावधनची_लेक

दिलेला आहे हो. आईचा हात थरथरतो, हिरवं बटण सरकवता सरकवता फोन कट होतो, मग समोरचा घाबरतो आणि तीही. बटणं असलेला, हातात नीट बसणारा, चार्जरवर ठेवला की आपोआप चार्ज होणारा फोन ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. मोबाईल कुठेतरी सायलेंटवर पडलेला असतो, लँडलाइन घरात कुठेही असली तरी ऐकू येते. वेगळ्या रिंगचं सदाशिवपेठी तुम्ही सांगितलंत ते माझ्या सेटमध्ये सापडलं, आजच लावते.

कर्वेनगर_सीमा

ताई, नाव दिसतं म्हणून गाफील राहू नका हे मला मनापासून सांगायचंय. आमच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त सरांना लँडलाइनवरच फोन आला, तुमचा नंबर बंद होणार, तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोन ठेवू नका. सर एकटे होते, नशिबाने मुलगी घरी आली म्हणून पैसे वाचले. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटाही दाखवता येतो, त्यामुळे पोलिसांचा किंवा बँकेचा वाटतोय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरूनच अटक केलीय असं सांगणं, असं कायद्यात काही नाहीच. जाहिरातवाल्यांसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत आणि बँका-विम्यासाठी १६०० ची मालिका ठेवलीय, एवढं कागदावर लिहून ठेवलं तरी त्यांना अंदाज येतो. संशय आला की फोन ठेवून तुम्हाला फोन करायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. आणि लँडलाइनवरून १९०९ ला फोन करून डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) करून टाका, लोनवाले सगळे नाही पण बरेच कमी होतात.

बावधनची_लेक

हे मी आईला समोर बसवून समजावणार आहे. धन्यवाद सीमाताई. आता लाइटचं तेवढं कुणी सांगा.

जुना_लाइनमन

तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे घरात अंधार असला तरी साधा फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. म्हणजे आता लाइट गेली की मोडेमही बंद आणि कॉर्डलेसचा बेसही बंद, हँडसेटमध्ये चार्जिंग असून उपयोग नाही. इन्व्हर्टर असेल तर दोन्हीचे प्लग त्या पॉइंटवर घ्या, विषय संपला. नसेल तर मोडेमला मिनी यूपीएस लावा, बरेच मोडेम १२ व्होल्टचे असतात पण तुमच्या अ‍ॅडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या, आणि त्याच यूपीएसची पिन कॉर्डलेसच्या बेसला बसते म्हणून घुसवू नका, बेसचा व्होल्टेज वेगळा असतो. बेससाठी वेगळी सोय करण्यापेक्षा माझं ऐका, जुना वायरवाला फोन टाकून दिला नसेल तर टी-जॉइंट (एका वायरला दोन फोन जोडायचा तुकडा) लावून हॉलमध्ये समांतर ठेवा. त्याला वेगळी वीज लागत नाही, मोडेम चालू असला की तो चालतो. रात्री अपरात्री ११२ लावायची वेळ आली तर हाताशी काहीतरी चालणारं हवं.

बावधनची_लेक

जुना फोन माळ्यावर आहे, बाबांनी टाकू दिला नव्हता, काढते. शेवटचं एक, सेल कधी बदलायचे असतात आणि कुठले?

वारजेकर

हँडसेट रात्रभर चार्जरवर असूनही थोडं बोललं की बॅटरी लो दाखवायला लागला की बदला. आत असतात ते १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल, बहुतेक ट्रिपल ए. घड्याळात घालतो ते साधे सेल चुकूनही घालू नका, चार्जरवर ठेवल्यावर ते गळतात, फुटूही शकतात, हे बाबांना नक्की सांगा कारण घरात तेच पटकन सापडतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे, जुना-नवा मिसळायचा नाही. नवीन घातल्यावर पुस्तिकेत लिहिलेत तेवढे तास सलग चार्ज होऊ द्या. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, मिळून जातील, जाताना जुना सेल बरोबर घेऊन जा आणि तोच साइज, तोच व्होल्टेज बघून घ्या.