काजव्यांच्या छायाचित्रांतील हॉट पिक्सेल : मदत हवी आहे

भंडारदरा परिसरात मेअखेरीस काजव्यांची छायाचित्रे घेताना मी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १६०० व ३० सेकंदांची सलग एक्स्पोजर ठेवतो आणि नंतर ती फोटोशॉपमध्ये ‘लायटन’ (प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू राखणाऱ्या) पद्धतीने एकावर एक रचतो, म्हणजेच स्टॅकिंग करतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (दीर्घ एक्स्पोजरमधले खोटे ठिपके कॅमेऱ्यातच काढणारी सोय) चालू ठेवले, तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून राहतो आणि तेवढ्या वेळातले लुकलुकणे निसटते. बंद ठेवले, तर हॉट पिक्सेल (सेन्सरवरच्या बिंदूंमुळे प्रकाश नसतानाही उमटणारे उजळ ठिपके) अंतिम चित्रात कायम राहतात व मोठ्या छपाईत खोट्या काजव्यांसारखे दिसतात, जे मला मुळीच मान्य नाही. लेन्सला झाकण लावून घेतलेल्या, फक्त हे ठिपके टिपणाऱ्या डार्क फ्रेम प्रत्येक रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून आधीच वजा कराव्यात, की स्टॅकिंगनंतर? शिवाय रात्र चढते तशी हवा गार होत जाते आणि तापमानानुसार हॉट पिक्सेलही बदलतात, मग डार्क फ्रेम नेमक्या केव्हा घ्याव्यात? जाणकारांनी आपली कार्यपद्धती कृपया सविस्तर सांगावी.