उत्तर: उत्तर: २३३वा नंबर

शनिवार, २६ एप्रिल २०२५, संध्याकाळी ६.५२
प्रेषक: पिस्कॅटवेकर

मंडळी,

लागला एकदाचा नंबर! एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात. सातवी फेरी, २३३. रटगर्स युनिव्हर्सिटीचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, काइल मोनंगाय, शिकागो बेअर्सकडे.

दुपारी बारापासून टीव्हीसमोर ठाण मांडून आहे. ग्रीन बेला ड्राफ्टची चौथी फेरी सुरू झाली तेव्हा म्हटलं, चौथीत नाही तर पाचवीत नक्की. पाचवीत सगळं जग शेड्यूर सँडर्स या गाजलेल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवून पास फेकणाऱ्याच्या, मागे. तो १४४ला ब्राउन्सकडे गेला आणि मग बराच वेळ बाकीची पोरं जणू अस्तित्वातच नव्हती. सहावीही गेली. हिने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आणून समोर आदळलं.

मंडळाच्या या मेल-लिस्टवरच्या निम्म्या घरांतली पोरं रटगर्सला आहेत किंवा होऊन गेली आहेत, म्हणजे हा आपलाच. न्यू जर्सीतच वाढलेला. २०२३ला चेंडू घेऊन १,२६२ यार्ड धावला, अख्ख्या बिग टेनमध्ये, म्हणजे रटगर्स ज्या लीगमध्ये खेळतं तिच्यात, सगळ्यांत जास्त. पुढच्या वर्षी १,२७९. आणि कॉलेजच्या सगळ्या वर्षांत एक फम्बल (चेंडू हातातून निसटणं) नाही. एकही नाही! तरी याच्या आधी २३२ जण.

नाना, तुमच्या जायंट्सनी २१९ला काय केलं याचा खुलासा व्हावा.

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ७.२०
प्रेषक: नाना

अरे बाळा,

खुलासा सोपा आहे. रनिंग बॅक आम्ही १०५लाच घेऊन ठेवलाय. कॅम स्कॅटेबो. पीच बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात टेक्ससविरुद्ध कडेला जाऊन ओकला, परत आला, १४३ यार्ड धावला, वर एक टचडाउनचा, म्हणजे थेट गोललाइनपार पोचणारा, पासही फेकला. असा रांगडा गडी घरात असताना तुझ्या पाच फूट आठ इंचांच्या पोराला कुठे बसवू? चाळीस यार्डांना त्याला ४.६० सेकंद लागतात. तेवढ्यात मी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची शेवटची जुडी गाठतो.

२१९ला नेब्रास्काचा टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) फिडोन घेतला. त्याला खेळताना मी पाहिलेलं नाही. तूही पाहिलेलं नाहीस, उगाच आव आणू नकोस.

आणि सातव्या फेरीची थोरवी मला शिकवू नये. २००७ साली रनिंग बॅक अहमद ब्रॅडशॉ आम्ही २५०ला उचलला होता. २०१२च्या फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, आठव. सामना संपायला मिनिटभर होतं, चेंडू लवकर परत मिळावा म्हणून पेट्रियट्सनी मुद्दाम वाट मोकळी सोडली, हा वेळ काढायला गोललाइनवर थांबायला गेला आणि थांबता थांबता मागच्या मागे बुडावर बसला तो थेट टचडाउनमध्ये. २१-१७. बसून सुपर बोल जिंकून देणारा दुसरा माणूस दाखव.

पण ब्रॅडशॉ रोज जन्माला येत नाही. तुझा हा पोरगा ऑगस्टअखेर टीमच्या अंतिम ५३ जणांच्या यादीत राहिला, तर दिवाळीच्या कार्यक्रमाची पातेली मी घासीन. लिहून ठेव.

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ७.४१
प्रेषक: अण्णा (चेरी हिल)

नानांनी पैज लावली म्हणजे पातेल्यांची काळजी मिटली.

एक गंमत सांगतो. २३३ हा नंबर आम्हा फिलाडेल्फिया ईगल्सवाल्यांना पाठ आहे. २०१८ला सातव्या फेरीत, नेमका २३३ला, आम्ही जॉर्डन माइलाटा घेतला. सिडनीचा, सहा फूट आठ इंच, रग्बी लीग खेळणारा. आयुष्यात फुटबॉलचा एक सामना खेळलेला नव्हता. हेल्मेट घालायचं कसं इथपासून सुरुवात. त्या दिवशी मी याच लिस्टवर लिहिलं होतं की कबड्डीतला पट्टीचा चढाईवाला आणून विकेटकीपर म्हणून उभा केलाय. कुणी ती मेल शोधून काढू नये ही विनंती. गेल्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ धुतलं तेव्हा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला डावीकडून राखणारा, तोच होता.

तुमच्या रटगर्सच्या पोरांबद्दल मात्र माझ्या मनात जुना सल आहे. रनिंग बॅक पाचेकोसुद्धा तुमचाच ना? २०२२, सातवी फेरी, २५१. व्हाइनलंडचा, म्हणजे आमच्या दक्षिण जर्सीचा, लहानपणापासून आमच्या अंगणातला. गेला कॅन्सस सिटीला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोलमध्ये आमच्याच छाताडावरून ७६ यार्ड आणि एक टचडाउन. ३८-३५ने हरलो. २५० वेळा त्याला कुणी ना कुणी नाकारलं, त्यात आम्हीही होतो.

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ८.१५
प्रेषक: नेपरव्हिलची ताई

नमस्कार मंडळी! जर्सी सोडून नऊ वर्षं झाली तरी लिस्टवरून नाव काढलेलं नाही, ते अशा दिवसांसाठीच.

इकडे शिकागोजवळ आमच्या बेअर्सवाल्यांच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया अशी: “कोण?” दुसरी: “आपल्याला पास रशर हवा होता.” म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करणारा. गेल्या वर्षी चौथ्या फेरीत १२२ला पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब पाठवणारा, घेतला होता, त्यामुळे आमच्याकडे ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी लोक आधी कपाळाला हात लावतात आणि मग नाव वाचतात.

पण हा २३३ आला कुठून ते सांगते. आमचा स्वतःचा सातव्या फेरीचा नंबर हा नव्हेच. गेल्या नोव्हेंबरात खलिल हर्बर्टला आम्ही बेंगॉल्सना दिला आणि बदल्यात त्यांचा २०२५चा सातव्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, घेतला. तो हा. एक रनिंग बॅक दिला, एक घेतला, मधे सहा महिने. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेलं घेतल्यासारखं. ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही.

दादा, तुम्ही त्याला मैदानात पाहिलंय. नीट सांगा ना, आहे कसा?

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ८.३३
प्रेषक: जेट्सवाला

आमचा शेवटचा पिक १७६लाच संपला, सहावी-सातवी फेरी आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे मी निवांत आहे. शेवटच्या फेऱ्यांबद्दल जेट्सवाल्याने बोलू नये असा संकेतच आहे. २००० साली पहिल्या फेरीत आमच्याकडे चार पिक होते. चार! १८ला क्वार्टरबॅकही घेतला, पेनिंग्टन. आणि १९९ला, सहाव्या फेरीत, आमच्याच विभागातल्या पेट्रियट्सनी टॉम ब्रेडी घेतला, पुढे सगळ्यांत थोर ठरलेला क्वार्टरबॅक. पुढची वीस वर्षं काय झालं ते पुन्हा लिहायला लावू नका.

पण एक प्रामाणिक शंका. २३३ला निवडलं जाण्यापेक्षा अजिबात न निवडलेलं बरं नाही का? ड्राफ्ट संपल्यावर उरलेल्या पोरांना फोन येतात, मग जिथे आपल्या जागी गर्दी कमी आहे ती टीम पोराला स्वतः निवडता येते. सातव्या फेरीवाल्याला ती मुभा नाही, नाव पुकारलं तिथे जायचं. अकरावीच्या प्रवेशात तिसऱ्या यादीत लांबचं कॉलेज लागतं तसं. नाकारताही येत नाही, जावंसंही वाटत नाही.

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ८.४०
प्रेषक: सचिव

सर्व सदस्यांना विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाच्या बटाटेवड्यांचा आकडा मला उद्या सकाळी द्यायचा आहे आणि आतापर्यंत फक्त ३१ जणांनी नाव कळवलं आहे. क्रीडाविषयक चर्चा आवरती घ्यावी.

ता.क. माइलाटा गातोही सुरेख. आपल्या दिवाळीला बोलवा कुणीतरी.

---

शनिवार, २६ एप्रिल, रात्री ११.४८
प्रेषक: पिस्कॅटवेकर

ताई,

सविस्तरच लिहितो. सचिवांनी माफ करावं, आमची चार माणसं धरा, वडे बारा.

रटगर्सच्या स्टेडियममध्ये मी गेली सहा वर्षं जातोय, आधी मोठीबरोबर आणि आता धाकट्याबरोबर. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ साली इथे न्यू ब्रन्सविकलाच झाला, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं, आणि त्यानंतर बराच काळ आम्ही तेवढ्यावरच भागवलं असं इथले जुने लोक थट्टेने म्हणतात. त्यामुळे इथला प्रेक्षक फार आशा न ठेवता येतो. थर्मास, घोंगडी, आणि तिसऱ्या क्वार्टरला बाहेर पडून ट्रॅफिक चुकवायचा बेत.

मोनंगायमुळे आम्ही चौथ्या क्वार्टरपर्यंत बसायला लागलो. टीव्हीवर आज त्याच्या दोन क्लिप दाखवल्या, दोन्हींत तो मोकळ्या मैदानात पळतोय. तो असा पोरगा नाहीच. मोकळं मैदान मिळालं तर मागून कुणीतरी त्याला गाठेल, नानांचा ४.६०चा मुद्दा कबूल. त्याची खरी मजा तीन यार्डांत आहे. समोर भिंत, कुठेच फट नाही, आपण मनात म्हणतो गेला हा डाव, आणि हा खाली वाकून, खांदा घुसवून, कुठूनतरी तीन यार्ड पुढे पडलेला असतो. गर्दीच्या लोकलमध्ये दादरला चढणारा माणूस बघा, ते कसब. गेल्या सप्टेंबरात शुक्रवारी रात्री वॉशिंग्टनला २१-१८ हरवलं, तेव्हा शेवटी शेवटी सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं की चेंडू यालाच देणार. समोरच्यांनाही ठाऊक होतं. तरी पुढे पडतच होता.

दुसरी गोष्ट क्लिपमध्ये कधीच येत नाही. क्वार्टरबॅकवर कुणी अंगावर धावून आला की हा मधे जाऊन त्याला छातीवर घेतो. धाकटा मला एकदा म्हणाला, “बाबा, त्याच्याकडे चेंडू नाही तेव्हा त्याला बघा.” मग मी तसं बघायला शिकलो. तुमच्याकडे केलेब विल्यम्ससारखा सोनं मोजून घेतलेला क्वार्टरबॅक आहे ना? त्याच्या शेजारी उभं राहायला असाच माणूस लागतो. कोच लोक ज्याच्या भरवशावर क्वार्टरबॅकला झोप लागते त्याला टीममध्ये ठेवतात, हे मी सांगायला नको.

मग इतका खाली का घसरला? यंदा रनिंग बॅकचं पीक उदंड, हे एक. उंची आणि ४.६०, हे दुसरं. आणि कॉलेजात ६००च्या वर वेळा चेंडू घेऊन माणसांवर आदळलाय. गाडी विकत घेताना किती मैल चाललीय ते बघतात, तसंच. हिशेब चुकीचा नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आज संध्याकाळी त्याला गुण देणाऱ्यांनी एकही शनिवार त्याच्याबरोबर पावसात काढलेला नाही आणि तरी ‘सी मायनस’ लिहून मोकळे झाले. नाना, तुम्हीही त्यातलेच. राग मानू नका.

जेट्सवाल्या, तुझी शंका रास्त आहे. पण निवडलेल्या पोरावर टीमचं नाव लागतं, जनरल मॅनेजरची थोडी का होईना अब्रू अडकते. उन्हाळ्यातल्या सराव कॅम्पमध्ये चार जास्त संधी मिळतात. आणि पूर्वी ड्राफ्ट बारा फेऱ्यांचा होता, १९९४पासून सातच. म्हणजे आजची सातवी फेरी ही तेव्हाच्या हिशेबाने निम्म्यावरची आहे, तळ नव्हे. तळ पाहायचा तर आज २५७ला पेट्रियट्सनी घेतलेला कोबी मायनर बघ. शेवटच्याला ‘मिस्टर इररेलेव्हंट’ (बिनमहत्त्वाचा गडी) म्हणून मिरवायची १९७६पासूनची पद्धत आहे, आणि तीन वर्षांपूर्वी ज्याला तसं मिरवलं तो २६२ नंबरचा ब्रॉक पर्डी पुढे सुपर बोल खेळून आला.

ताई, तुम्ही एवढंच करा. तुमच्या ग्रुपवर सांगा, ऑगस्टपर्यंत गप्प बसा.

---

मंगळवार, २६ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५
प्रेषक: नेपरव्हिलची ताई

५३ जणांत राहिला.

---

मंगळवार, २६ ऑगस्ट, संध्याकाळी ६.११
प्रेषक: नाना

पाहिलं. मी दिलेला शब्द विसरलेलो नाही. आठवण करणाऱ्या सतरा जणांचे आभार.

---

रविवार, २६ ऑक्टोबर, दुपारी ४.५०
प्रेषक: अण्णा (चेरी हिल)

नाना, आज सामना आम्ही जिंकलो पण फोन करायचं धाडस होत नाही. स्कॅटेबोचा घोटा वळला तो क्षण मी टीव्हीवर पाहिला आणि आमच्याकडे सगळे गप्प झाले. हिरव्या जर्सीतली माणसंसुद्धा. पोरगा लवकर उभा राहो.

---

रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी ४.३०
प्रेषक: पिस्कॅटवेकर

आज पहाटे घड्याळ एक तास मागे गेलं, तो तास सत्कारणी लागला.

बेअर्स ४७, बेंगॉल्स ४२. डिआंड्रे स्विफ्ट जायबंदी म्हणून मोनंगायने सुरुवात केली. २६ वेळा चेंडू घेतला, १७६ यार्ड. शेवटी १७ सेकंद उरले असताना बेअर्सच्याच लव्हलंडने ५८ यार्डांचा टचडाउन केला म्हणून सगळे त्याच्याबद्दल बोलतील, बोलू देत.

ताई, बोहारणीची गोष्ट आठवतेय ना? ज्यांनी तो सातव्या फेरीचा पिक दिला, ते बेंगॉल्सच. त्यांच्याच पिकवर आलेल्या पोराने त्यांच्याच घरी जाऊन १७६ यार्ड काढले.

धाकट्याने अकराव्या मिनिटाला फोन केला होता. “बाबा, चेंडू नसताना बघताय ना?”

---

रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी ४.४४
प्रेषक: नेपरव्हिलची ताई

ठोकून बघितलं. भोक नाही, पोचा नाही. आमच्या ग्रुपवर एप्रिलमध्ये “कोण?” विचारणारे आता सांगतायत, मला पहिल्यापासून माहीत होतं.

---

रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०
प्रेषक: नाना

मी जायंट्स बघत होतो. ३४-२४ने हरलो. स्कॅटेबो घोट्याला पट्टी बांधून घरी. तेव्हा आज कुणी मला दोष देऊ नये, मी आधीच भोगतोय.

तीन यार्डांबद्दल तू लिहिलेली ती लांबलचक मेल आज पुन्हा वाचली. एप्रिलमध्ये अर्धीच वाचली होती. पुढच्या वर्षी रटगर्सला जाशील तेव्हा मला एक तिकीट काढ. घोंगडी मी आणतो.

शनिवारी किती वाजता यायचं ते सचिवांनी कळवावं.

---

रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३८
प्रेषक: सचिव

नाना, कार्यक्रम चारला, जेवण साडेसातला, तुम्ही नऊपर्यंत थांबा. पातेली पाच, त्यांतलं एक खिरीचं आहे आणि ते तळाला लागतं. हातमोजे स्वतःचे आणावेत.