मदत हवी आहे: कॉर्न स्नेकच्या पिल्लाला केवढी पेटी द्यावी?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, जेमतेम ३५ सेंटीमीटर, करंगळीहून बारीक. सध्या ते प्लास्टिकच्या छोट्या डब्यात आहे. पूर्ण वाढल्यावर हे साप साधारण १२० ते १५० सेंटीमीटर होतात, म्हणून १२० × ६० × ६० सेंटीमीटरची काचेची पेटी आत्ताच घ्यावी असं मनात आहे. पण मोठ्या जागेत पिल्लू बिथरतं, खाणं सोडतं, असं बरेच जण सांगतात. मला वाटतं, त्रास आकारापेक्षा उघडेपणाचा असावा. दोन्ही टोकांना लपायची जागा, मध्ये साली, फांद्या, पानं दाटीनं ठेवली तर चालेल ना? शिवाय लहान डब्यात एक बाजू ३० अंश आणि दुसरी २४ ठेवणं अवघडच, सगळा डबा एकसारखा तापतो.

खरी धास्ती फटीची आहे. काल बघितलं तर ते झाकणाच्या कडेला नाक खुपसून फट चाचपत होतं. सरकत्या काचांमधून एवढं बारीक पिल्लू सहज निसटेल. ती फट तुम्ही कशानं बुजवता? की आधी मधल्या आकाराची पेटी घेऊन नंतर मोठीत हलवणं बरं? पिल्लाला थेट मोठ्या पेटीत वाढवलेल्यांनी, ते नीट खायला लागलं का, तेवढं जरूर सांगा.