डिफर आलंय, आता मार्चपर्यंत काय करायचं?

सी-५०२ मानसी : नमस्कार मंडळी. लेकीने अमेरिकेतल्या एका कॉलेजात अर्ली डिसिजनने (म्हणजे लवकर अर्ज, पण निवड झाली तर तिथेच जायचं बंधन) अर्ज केला होता. आज पहाटे 'डिफर्ड' असं उत्तर आलं. सकाळपासून खोलीतच आहे. ग्रुपवर या कामातली माणसं आहेत म्हणून विचारते, आता नेमकं काय करायचं?

बी-७०४ नेहाताई : मानसी, आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'ॲडमिशन डिफर केली' म्हणजे मिळालेली जागा वर्षभर पुढे ढकलली असं समजतात. इथे तसं नाही. तिचा अर्ज नोव्हेंबरच्या गठ्ठ्यातून काढून जानेवारीच्या रेग्युलर गठ्ठ्यात ठेवलाय. तो पुन्हा वाचतील, निकाल बहुतेक मार्चच्या उत्तरार्धात. ही वेटलिस्टही नव्हे, तो प्रकार मार्चच्या निकालानंतरचा. शिवाय डिफर होताच अर्ली डिसिजनचं बंधन सुटलं. मार्चमध्ये हो आलं तरी बाकीच्या ऑफर समोर ठेवून १ मेपर्यंत ठरवता येतं.
आज एकच काम कर. कॉलेजच्या पोर्टलवरचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाच. काय पाठवायचं, कुठे, कधीपर्यंत, हे त्यात असतं. काही पाठवू नका असं लिहिलं असेल तर खरंच पाठवायचं नाही.

ई-२०१ शिंदे काका : आमदारसाहेबांचं शिफारसपत्र जोडलं तर? ओळख आहे, आजच शब्द टाकतो.

बी-७०४ नेहाताई : काका, तुमची तळमळ कळते, पण नको. ज्यांनी तिला वर्गात पाहिलेलंच नाही, त्यांच्या पत्रातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कॉलेज जादा पत्र घेत असेल आणि बारावीच्या एखाद्या शिक्षकांकडे तिच्याबद्दल खरोखर नवीन सांगण्यासारखं असेल, तर ते एक पुरे.
खरं वजन मिड-इयर रिपोर्टला, म्हणजे बारावीच्या सहामाही गुणांच्या अहवालाला. तो शाळेने कॉमन ॲपवरून (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची साइट) भरायचा असतो आणि आपल्याकडे गाडी नेमकी तिथेच अडते. बऱ्याच शाळांत वेगळा काउन्सेलर नसतो, लॉगिन प्राचार्यांच्या ईमेलवर असतं, नाताळच्या सुट्टीत ते कोणी उघडत नाही. म्हणून सुट्टी लागायच्या आत प्रत्यक्ष भेट. सहामाहीचं विषयवार गुणपत्रक, शाळेचा शिक्का, सही, नीट स्कॅन केलेली पीडीएफ. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको. टक्के आहेत तसेच ठेवायचे, आपल्या मनाने जीपीए (तिकडच्या पद्धतीची गुणांची सरासरी) काढायचा नाही. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रकावरचं नाव वेगळं असेल (वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, हा नेहमीचा घोटाळा) तर कागद तिच्या फाइलला जोडलाच जात नाही. म्हणून प्रत्येक पानावर कॉमन ॲपचा आयडी आणि जन्मतारीख टाकायला सांग. प्रिलिमचे मार्क आधी कळवलेल्या अंदाजापेक्षा कमी आले तरी लपवू नका. पेपर कडक तपासले असतील तर शाळेने तसं दोन ओळींत लिहावं.

सी-५०२ मानसी : आणि तिथे यायची 'अजूनही इच्छा आहे' असं कॉलेजला सांगणारं पत्र?

डी-३०२ सलील : मावशी, ते तिनेच लिहायचं, तुम्ही किंवा काकांनी नाही. घाई नको, पण कॉलेजच्या पत्रात दिलेली तारीखही चुकवू नका. तारीख नसेल तर जानेवारीच्या मध्याला, प्रिलिमचे मार्क हातात आल्यावर. एक पान, ३०० ते ४०० शब्द. सुरुवातीला दोन ओळींत इच्छा कायम आहे एवढंच. मग अर्ज केल्यानंतर नवीन काय झालं ते. जुन्या अर्जातलं पुन्हा उगाळायचं नाही, ते त्यांच्यासमोर आहेच.
'तुमच्या विद्यापीठाची मला प्रचंड ओढ आहे' यातून काही कळत नाही. त्याऐवजी समजा तिचं नदीच्या पाण्याचं काम चालू आहे, तर : 'नोव्हेंबरपासून दर रविवारी दोन ठिकाणचे नमुने घेतले, ११ आठवड्यांत २२ झाले, पुलाखालच्या ठिकाणी विरघळलेला ऑक्सिजन दर वेळी कमी भरला, आता त्याचं कारण शोधतेय.' हे वाचून मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. शेवटी त्या कॉलेजातला एखादा विषय किंवा प्रयोगशाळा, जी या कामाला खरंच जोडली जाते.
'तुम्हीच माझी पहिली पसंती' हे खरं असेल तरच, आणि एकाच कॉलेजला. पोर्टलवर एकदा अपलोड करा, पोचल्याची खूण बघा, मग मेल नाही, फोन नाही. एमआयटीमध्ये असं पत्र लागतच नाही, ते फेब्रुवारीत स्वतःचाच अपडेटचा फॉर्म भरून घेतात.

सी-५०२ मानसी : एक जण म्हणाले, लगेच दुसरीकडे अर्ली डिसिजन टू टाका.

ए-१०१ जोशी काका : मानसी, सही करण्याआधी नीट विचार करा. त्याची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्याला, आणि बंधन पहिल्यासारखंच. तिथे हो आलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात, हा डिफर झालेला अर्जसुद्धा. म्हणजे मार्चचं दार तुम्ही स्वतः बंद करता. ते कॉलेज मनापासून हवं असेल आणि खर्चाचं गणित बसत असेल तरच.
आर्थिक मदत लागणार असेल तर अर्ज करतानाच मागायची. परदेशी मुलांना नंतर मागायला बऱ्याच ठिकाणी मुभा नसते. शिवाय बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना मदतीची मागणी विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी न घेणारी मोजकीच.
घाबरून आणखी १२ अर्जही टाकू नका. बऱ्याच ठिकाणी एकेकाची फी ७५ ते ९० डॉलर, आणि रात्री जागून निबंध फिरवताना आधीच्या कॉलेजचं नाव तसंच राहून जातं. तीन-चार नीट करा. इथली एमएचटी-सीईटीची नोंदणी मात्र चुकवू नका. बोर्डालाही हलकं धरू नका : ऑफर आल्यावरही अंतिम गुणपत्रक मागतात, मार्क फार घसरले तर ऑफर काढूनही घेतात.

एफ-६०३ मंजिरीवहिनी : समुपदेशनाचं काम करते म्हणून थोडं लिहिते. पोर्टल दिवसातून दहा वेळा उघडून काही बदलत नाही, पण अभ्यासातलं लक्ष दर वेळी तुटतं. पत्र गेल्यावर रविवारी एकदा, दहा मिनिटं. एरवी मेल येतोच.
बरेच निकाल तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी ७ला लागतात. डिसेंबरात ते आपले पहाटेचे ५:३०, मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेलेली असतात म्हणून ४:३०. आदल्या संध्याकाळीच तिला विचारा : एकटीने उघडायचं की कोणी सोबत हवं? दुसऱ्या दिवशी बोर्डाचा पेपर असेल तर झोपू द्या. निकाल पेपर देऊन आल्यावरही तिथेच असतो.
आज 'चांगल्यासाठीच झालं' असं म्हणू नका. वाईट वाटतंय ते वाटू द्या, जेवायला मात्र बोलवा. दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं तर मला सांगा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइनही आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.
आणि ग्रुपला विनंती, लिफ्टमध्ये तिला विचारू नका.

ई-२०१ शिंदे काका : नाही विचारणार वहिनी. घरीही सांगून ठेवतो. आमदारांचंही राहू दे.

सी-५०२ मानसी : शाळा २४ तारखेपर्यंत उघडी आहे. उद्या ११ला प्राचार्यांना भेटते. नेहाताई, गुणपत्रकाची पीडीएफ मिळाली की आधी तुम्हाला दाखवते.