लाटांचे दिवस गेले
चिनी सैन्य म्हणजे माणसांच्या लाटा, हे अनेकांचं मत १९५०-५३ च्या कोरियन युद्धापुरतं ठीक. आज ते धोक्याचं आहे. २०१७ मध्ये त्यांनी १८ ग्रुप आर्मींच्या, म्हणजे अनेक तुकड्यांच्या मोठ्या फौजांच्या, १३ केल्या आणि मोठ्या डिव्हिजनऐवजी लहान, चपळ ब्रिगेडवर भर दिला. एकाच ब्रिगेडमध्ये रणगाडे, पायदळ, तोफखाना, हवाई संरक्षण. डाव असा: शत्रूची रडार, संपर्कयंत्रणा आणि रसद आधी मोडायची, लांब पल्ल्याच्या रॉकेटांनी, जॅमिंगने (रेडिओ लहरी अडवून), रणगाडे त्यानंतर. १९७९ च्या व्हिएतनामनंतर मोठं युद्ध त्यांनी लढलेलं नाही, म्हणून हे सगळं प्रत्यक्षात जमेल का, ही शंका रास्तच. पण माझी खरी काळजी त्यांच्या रसदीची, म्हणजे सीमेपर्यंत सैन्य आणि सामान पोहोचवण्याची. २००६ मध्ये रेल्वे ल्हासाला पोहोचली, २०२१ मध्ये तिबेटमधल्याच न्यिंगचीला, म्हणजे अरुणाचलच्या सीमेजवळ. आपण चर्चा मात्र रणगाड्यांचीच करतो.