बाबांचा उजवा हात: स्टेम सेल, रोबोट की घरचा व्यायाम?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. घरात कोणाला पॅरालिसिस झालाय आणि पुढचं सगळं निभावलंय, अशांनी कृपया सांगा.

बाबा ७२ वर्षांचे. कोजागिरी झाली आणि त्याच आठवड्यात अटॅक आला. रात्री जेवून नीट झोपले. सकाळी चहाला उठवायला गेलो तर तोंड वाकडं आणि उजवं अंग लुळं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी निघाली. बोलणं आता जवळपास पूर्ववत आहे. पायही बराच सुधारला, काठी घेऊन ओट्यापर्यंत जाऊन बसतात. हात मात्र अडलाय. मूठ आवळलेली, अंगठा आत दडपलेला. खांदा आणि कोपर हलतं. मनगट टेबलावरून इंचभर उचलतात, बोटं जराशी उघडतात. गंमत म्हणजे जांभई दिली की तोच हात आपोआप छातीपर्यंत वर येतो! आई म्हणते, ताकद आहे, हे मनावर घेत नाहीत.

पूजा बंद केलीये. डाव्या हाताने देवाला गंध लावणार नाही म्हणतात. आई पूजा करते आणि हे पाटावर नुसते बघत बसतात.

आता घरात जेवढी तोंडं तेवढे सल्ले. मामांनी एका मोठ्या शहरातल्या सेंटरचं स्टेम सेलचं (पेशी टोचून मेंदू दुरुस्त करतो म्हणतात) पॅकेज आणलंय, चार लाखांचं. पुण्याचा चुलतभाऊ रोबोटिक हातमोज्याचे व्हिडिओ पाठवतो. सिटिकोलीनच्या (मेंदू सावरायला म्हणून दिलेल्या) गोळ्या चालूच आहेत, दर महिन्याला चांगला खर्च. फिजिओवाले येतात आणि अर्धा तास करून जातात. मी आणि बायको त्यांच्याकडून शिकून घरीच सगळं करू शकतो का? पैसा अमाप नाही, म्हणून विचारतो. संशोधनात खरोखर सिद्ध झालेलं नवीन काय आहे?

आणि एक मनात सलतंय. अटॅक झोपेत आला, वेळ माहीत नाही, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही असं पहिल्या हॉस्पिटलात सांगितलं. हा नियमच आहे का?

रावपुऱ्याची फिजिओ

दादा, मी वडोदऱ्यातच घरोघरी जाऊन न्यूरो फिजिओ करते. सकाळी मांजलपूर, दुपारी कारेलीबाग, स्कूटर आणि मी. त्यामुळे मी जे लिहीन त्यात माझंही पोट आहे, हे धरून वाचा.

आधी आईंना सांगा, बाबांवर आळसाचा आरोप नको. जांभईबरोबर हात वर जाणं हे स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या अटॅकच्या, पेशंटमध्ये पुष्कळदा दिसतं. जांभई मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येते. ‘हात उचल’ हा हुकूम वरून निघतो, आणि तुटलाय तो रस्ता. मनावर घेण्याशी त्याचा संबंध नाही.

स्टेम सेल. यावर आपल्याच देशात नीट ट्रायल झालीये आणि सेंटरवाले ती कधी दाखवत नाहीत. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला स्वतःच्याच बोनमॅरोतल्या पेशी शिरेतून दिल्या. निकाल २०१४ साली छापून आला. अपाय फारसा नाही, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे तर रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेल ट्रायलबाहेर द्यायचीच नाही. खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. चार लाख मागतात म्हणजे ते काय आहे, मामांनाच विचारा.

सिटिकोलीनचं तेच. युरोपात २२९८ पेशंटवर सहा आठवडे दिलं, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, फरक शून्य. म्हणून उद्या गोळी बंद करू नका. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, ‘साहेब, ही काढली तर चालेल का?’ पुष्कळदा ते हसून काढतात. मात्र रक्त पातळ ठेवणारी, बीपीची आणि कोलेस्ट्रॉलची गोळी ही खरी औषधं. तिथे एक दिवसही चुकवायचा नाही. मी पाहते तर घरात महागड्या टॉनिकची ओळ मांडलेली असते आणि ॲस्पिरिनची पट्टी संपून आठवडा झालेला असतो.

रोबोट. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७७० जणांवर झालेली मोठी ट्रायल २०१९ ला आली. ती मोठ्या यंत्राची होती, तुमच्या भावाच्या मोज्याची नव्हे. पण यंत्राला जोडून हात हलवत राहिल्याने हाताची रोजची कामं नेहमीच्या उपचारापेक्षा सुधारली नाहीत. मोजा घरी आणलात तर महिनाभर कौतुक होईल, मग तो फ्रीजवर जाईल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, आणि ते मला स्वतःला आवडत नाही. ‘घरच्यांना शिकवा, घरच्यांकडून करून घ्या’ हे भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर करून बघितलंय. ॲटेंड नावाची ट्रायल, २०१७. आपल्याकडे फिजिओ कमी आणि घरात माणसं भरपूर, म्हणून सगळ्यांना फार आशा होती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन धरलं तर शिकवलेल्या घरांतही ४७ टक्के आणि न शिकवलेल्या घरांतही ४७ टक्के.

माझं मत विचाराल तर घरच्यांची माया कमी पडली नाही, व्यायामाची मात्रा कमी पडली असावी. हातासाठी ज्या गोष्टी चालल्या त्यांच्यात काय होतं ते बघा. अमेरिकेतली २००६ ची ट्रायल: २२२ जण, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हातावर मोजा चढवून तो जवळपास दिवसभर अडवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताने तासन् तास कामं करून घ्यायची, दोन आठवडे. फायदा वर्षभर टिकला. मुख्य अट अशी, मनगट आणि बोटं आपली आपण थोडी तरी उचलता यायला हवीत. बाबांचं मनगट इंचभर उठतं म्हणता, म्हणजे दार किलकिलं आहे. तुमच्या फिजिओला हेच विचारा, ‘याला कन्स्ट्रेंट थेरपीत घेता येईल का?’ फक्त चांगला हात बांधून बाबांना एकटं चालू देऊ नका, तोल गेला तर धरायला हात नाही.

आणि कोणते व्यायाम? रबरी बॉल दाबायला देऊ नका. मूठ आधीच आवळलेली आहे, तिला उघडायला शिकवायचंय. हात वर ओढायला दाराला पुली टांगली असेल तर आजच काढा, त्याने खांदा दुखावतो. उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालूनही नको.

पूजेचं तुम्ही लिहिलंत तिथे मी थबकले. सहाण आणि चंदनाचं खोड काढा. सहाणेखाली ओला नॅपकिन घाला म्हणजे सरकणार नाही. बाबांची बोटं खोडाभोवती आईंनी वळवून द्यायची, आपला तळवा वरून ठेवायचा, जोर बाबांनी लावायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. खांदा पुढे जातो, कोपर सरळ होतं, मनगटावर भार येतो. मग खोड सोडायचं. सोडणं हाच अवघड भाग आहे, तिथे घाई करू नका. मनगट टेबलाच्या कडेवरून खाली सैल सोडलं की बोटं थोडी आपोआप उघडतात. मग पुन्हा धरायचं. त्यानंतर तुळशीची पानं एका वाटीतून दुसरीत. अक्षता चिमटीत यायला फार वेळ लागेल, आधी सुपारी घ्या. सकाळी पूजेला, दुपारी उगाच, संध्याकाळी दिवा लावताना. गंध डाव्या हाताने लावायचं नाही हा बाबांचा हट्ट आहे ना? तो मोडू नका, तो आपल्या कामाचा आहे.

कमाटीबाग_निवृत्त

मी एमआरआय टेक्निशियन होतो, त्यामुळे झोपेतल्या अटॅकबद्दल तेवढं लिहितो. उपचार मी सांगत नाही.

पूर्वी नियम असाच होता. माणूस शेवटचा ठणठणीत दिसला ती वेळ धरायची, म्हणजे रात्री झोपताना. साडेचार तास उलटले की इंजेक्शन नाही. २०१८ ला युरोपातली वेक-अप ट्रायल आली. कल्पना चित्रावर आधारलेली आहे. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात मार लागलेला भाग काही मिनिटांतच पांढरा दिसतो, दुसऱ्या प्रकारात तोच भाग उमटायला काही तास जातात. पहिल्यात पांढरं आणि दुसऱ्यात अजून स्वच्छ, म्हणजे अटॅक बहुधा ताजा, पहाटेचा. अशांना इंजेक्शन दिलं तर ५३ टक्के जण जवळपास पूर्ण बरे झाले, न दिलेल्यांत ४२ टक्के. मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा वाढतो. ८०० पेशंट घ्यायचे होते, ५०३ वर पैसे संपले आणि ट्रायल थांबली!

मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. त्याचीही ट्रायल २०१८ ची. तेव्हा नियम अगदी दगडावरची रेघ नाही, पण त्यासाठी त्या वेळी त्या हॉस्पिटलात एमआरआय आणि तो वाचणारा माणूस दोन्ही हवेत. बाबांच्या स्कॅनच्या सीडीत ही दोन्ही चित्रं असतील तर न्यूरोलॉजिस्टना दाखवून विचारा, मनातलं निघून जाईल. भांडायला जाऊ नका, हाती काही लागत नाही.

पुढच्या वेळेसाठी (न येवो) एक. अटॅक आला की लोक आधी बीपी मोजतात, २०० दिसलं की जिभेखाली गोळी ठेवतात. चीनमध्ये २४०४ जणांना ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं, २०२४ चा निकाल आहे. रक्तस्राव असलेल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांना तोटा, एकूण हिशेब शून्य. सीटीशिवाय बाहेरून कोणालाही कळत नाही की आत गुठळी आहे की रक्तस्राव. म्हणून गोळी नाही, ॲस्पिरिनही नाही. १०८ लावा आणि जिथे सीटी आहे तिथेच न्या.

आठवले काका

फिजिओताई, तुमचा अभ्यास मान्य. पण माझ्या मेव्हण्याला स्टेम सेल दिली आणि दोन महिन्यांत तो चमच्याने शिरा खायला लागला. डोळ्यांनी पाहिलंय. त्याला काय म्हणणार?

रावपुऱ्याची फिजिओ

काका, तुम्ही पाहिलंत ते खोटं म्हणत नाही. अटॅकनंतर किती दिवसांत दिली होती? बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत असेल. तेव्हा मेंदू स्वतःच सर्वांत वेगाने सावरत असतो. शिवाय अशा पॅकेजमध्ये पेशींबरोबर पुष्कळदा फिजिओही असते. शिरा कोणामुळे खाल्ला हे एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणून तर १२० जणांचे दोन गट करावे लागले. त्या ट्रायलमध्ये पेशी न घेतलेलेही सुधारलेच की. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा, हात वापरत राहा म्हणावं.

नवीन काही चाललं का, हे दादांनी विचारलेलं राहिलंच. एक आहे. मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला तार जोडतात, छातीत छोटं यंत्र बसवतात आणि व्यायाम करताना प्रत्येक हालचालीला नसेला बारीक झटका देतात. २०२१ ला लॅन्सेटमध्ये आलं, १०८ जण, स्ट्रोकला नऊ महिने ते दहा वर्षं झालेले. यंत्र सगळ्यांना बसवलं, झटका निम्म्यांनाच दिला. झटकावाल्यांत ४७ टक्क्यांचा हात लक्षात येण्याइतका सुधारला, इतरांत २४ टक्क्यांचा. त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली. ऑपरेशन आहे, खर्च मोठा आहे, आपल्यासाठी आज त्याचा उपयोग नाही. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. झटका न मिळालेल्या २४ टक्क्यांनी निव्वळ व्यायामावर मिळवलं, आणि त्यांच्यात कित्येकांच्या अटॅकला वर्षं उलटली होती. सहा महिन्यांनंतर हात येत नाही असं जे सर्रास सांगतात ते मी ऐकून घेत नाही. मात्र तिथे एकेका बैठकीत हालचाली शेकड्यांनी होत्या. माझ्यासारखी अर्धा तास येणारी बाई वीस-तीस करून घेते, त्यातही दहा मिनिटं बीपी आणि गप्पा.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. पुली खरंच होती, मामांनीच बसवली होती, काढली. सीडी घेऊन गुरुवारी न्यूरोलॉजिस्टकडे जातोय, सिटिकोलीनचंही विचारतो. काल सहाण काढली. बाबा पहिल्यांदा चिडले, म्हणाले देवाच्या वस्तूंचा व्यायाम नको. मग आई म्हणाली देवासाठीच उगाळा, तर बसले. खोड दोनदा सुटलं, एकदा आईच्या पायावर.

ताई, एकच शंका. रात्री ते गप्प गप्प असतात, जेवणातही लक्ष नाही. आमच्या ओळखीचे एक जण म्हणाले, फ्लुओक्सेटिन (उदासीवरची गोळी) सुरू करा, हातही सुधारतो. खरं का?

रावपुऱ्याची फिजिओ

हातासाठी नाही. ब्रिटनमध्ये ३१२७ जणांना सहा महिने देऊन बघितलं, निकाल २०१९ ला आला. हातपाय सुधारले नाहीत, उदासी कमी आढळली, पण हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. काठीवर चालणाऱ्या ७२ वर्षांच्या माणसाला हे जड पडेल. पण गप्प बसणं आणि जेवणात मन नसणं हे गुरुवारी डॉक्टरांना नक्की सांगा, स्ट्रोकनंतर डिप्रेशन पुष्कळांना येतं आणि त्याला वेगळे उपाय आहेत. ओळखीच्यांच्या सांगण्यावरून गोळी नको.

सहाण जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या आणि बाबांना खुर्चीत बसवा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले. पाटावर बसून कंबर वाकते आणि खांदा पुढे येत नाही. देव थोडे दिवस टेबलावर आले तर चालतील का, ते आईंना विचारा.