गुन्ह्यातले जोडीदार, एक काळा एक गोरा: मालिकांत हे कितपत खरं?

राजारामपुरीकर:
रात्री दुकान बंद करून आलो की 'पॉवर' लावतोय. न्यूयॉर्क, ड्रग्जचा धंदा, घोस्ट काळा, टॉमी गोरा, लहानपणापासूनचे जिगरी. बघायला मज्जा येतीया, पण एक खटकतंय. टॉमीच्या गोरेपणावर अधूनमधून टोमणा पडतो, तेवढंच. अमेरिकेत रंगावरनं एवढं रामायण, आणि धंद्यात शिरलं की सगळं माफ? का लिहिणाऱ्यांनी आपली सोय बघितली? शेवट सांगू नका, तिसराच सीझन चाललाय.

गंगावेस:
सोयच बघितलीया. 'द वायर' बघ भावा. बाल्टिमोर, 2002 ते 2008. डेव्हिड सायमन तिथल्याच पेपरात क्राइम रिपोर्टर होता, जोडीला एड बर्न्स, माजी पोलीस. दुसऱ्या सीझनात बंदरातनं माल आणणारी 'ग्रीक'ची टोळी गोरी, कोपऱ्यावर उभं राहून विकणारी पोरं काळी. मध्ये प्रॉपोझिशन जो, काळा घाऊक व्यापारी. व्यवहार चोख, पण एका ताटात जेवण नाही. गोदीच्या युनियनमध्ये तर पोलिश आणि काळे कामगार एकत्र, अध्यक्षपद मात्र आपल्या कारखान्यांत चेअरमनपद वाटून घेतात तसं पाळीपाळीनं. आणि पुढची पाळी काळ्यांची असताना पोलिश फ्रँक सोबोत्का खुर्ची सोडंना! ग्रीकच्या मालाचे कंटेनर गायब करायला बी तो घरचीच माणसं घेतो. भागीदारीत रंग कुठं शिरतो ते तिथं कळतं.

पंचगंगेकाठी:
'ब्रेकिंग बॅड'चा पहिला सीझन (2008) आठवतोय का? रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर ड्रग्ज बनवायला शाळेच्या लॅबमधलं साहित्य चोरतो आणि आत जातो बिचारा ह्यूगो, गोरा नसलेला सफाई कामगार. वॉल्टरचा साडू हँक स्वतः डीईएत, म्हणजे अमेरिकेच्या ड्रग्जविरोधी खात्यात, तरी गोऱ्या मास्तरवर संशय नाही. पुढं वॉल्टरचा भागीदार होणारा गस फ्रिंग काळा, चिलीहून आलेला. सभ्य दिसायला त्याला कोंबडीच्या हॉटेलांची साखळी लागते, वर डीईएच्या कार्यक्रमांना पैसे. रंगाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण हिशेब तोच.

राजारामपुरीकर:
मग 'पॉवर'मध्ये पण हाय की हे! घोस्ट कायम कडक सुटात, नाइटक्लबचा मालक म्हणून बड्या लोकांत मिरवायची धडपड. टॉमीला कपड्यांचं काय पडलेलं नाही. दोस्ती दाखवताना लिहिणारे रंग विसरले, सूट शिवताना नाही.

गंगावेस:
बरोबर पकडलंस. 'वायर' मात्र सबटायटल लावून बघ, कोपऱ्यावरच्या पोरांची बोली पहिले चार एपिसोड डोक्यावरनं जातीया.